नापासची चिठ्ठी

बाबा वजनकाटे दुरुस्त करतात. खोटं तोलणाऱ्या काट्यावर ते ‘नापास’ अशी लाल चिठ्ठी चिकटवतात. कॅन्सर झाल्यापासून ही सेवा त्यांनी माणसांनाही सुरू केली.

"हिंमत सोडू नका" म्हणणाऱ्या शेजाऱ्याच्या पाठीवर चिठ्ठी. "मन खंबीर ठेवा, भाऊजी" म्हणणाऱ्या मावशीच्या पर्सवर चिठ्ठी. ती तशीच बँकेत जाऊन आली.

चौथ्या केमोच्या सकाळी मात्र चिठ्ठी त्यांच्याच शर्टावर होती.

"मी येत नाही."

"निदान नाही म्हणायला तरी चला," आई म्हणाली. भांडायला मिळेल म्हणून बाबा आले.

हॉस्पिटलात सगळे माझ्याकडे दयेने बघत होते. मला वाटलं, कॅन्सरमुळे.

बाबांचा नकार ऐकून डॉक्टरांनी आम्हाला समुपदेशक बाईंकडे पिटाळलं. त्यांनी आकडे छापलेला कागद पुढे केला. "शून्य ते दहा. मनाला किती त्रास होतोय?"

"शून्य कुणी तपासलं?"

"म्हणजे?"

"रिकामा काटा शून्यावर येतो का, पाहिलंत? आणि दहा म्हणजे कुणाचे दहा? तुमचे की माझे?" कागदावर चिठ्ठी बसली.

बाई भडकल्या. "मग शर्टावरची कुणी लावली? काय तोलून?"

प्रमाण वजन ठेवून पाहिल्याशिवाय चिठ्ठी लावायची नाही, हा बाबांचाच नियम. त्यापायी मी लहानपणी दोनदा मार खाल्लाय.

"ठेवलं होतं वजन," ते माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले. "काल हिने विनोद केला. चांगला होता, कळलं मला. काटा हलला नाही. हिची आई रडली. तरी नाही. मरायची भीतीसुद्धा वाटत नाही हो. आतली स्प्रिंगच गंजलीय."

आईने माझा हात धरला. जरा जोरातच.

"कधीपासून?" बाईंनी विचारलं.

"दुसऱ्या केमोपासून."

बाईंनी धीर दिला नाही. दिला असता तर चिठ्ठी तयार होती. "गंजलेला काटा भंगारात टाकता?"

"आधी खोलतो. मूर्खासारखं काय विचारता?"

"मग दर मंगळवारी या. खोलू."

"तुम्हाला येतं?"

"नाही आलं तर लावा चिठ्ठी."

बाबांनी शर्टावरची चिठ्ठी उपटली आणि बाईंच्या टेबलावर ठेवली. चिकटवली नाही. "चौथा घेतो. पाचव्याचं कुणी काढलं तर याद राखा."

सुई टोचून झाल्यावर नर्स मला म्हणाली, "ताई, तुमच्या पाठीवर काहीतरी लाल चिकटलंय."

"असू दे," बाबा डोळे मिटून म्हणाले. "ती तोलून लावलीय."