दूधघरातला पंखा

टक्.

भिंतीवरच्या डबीतून एवढासा आवाज यायचा आणि दूधघरातली शांतता मोडायची. खोली पुरेशी तापली, आता तू फिर, असा तो मला निरोप असायचा. लगेच माझी पाती गरगरू लागायची आणि खाली मांडण्यांवर उभी असलेली टोमॅटोची रोपं माना डोलवायची. किती शहाणी होती ती!

मित्रांनो, मी एक जुना पंखा आहे. वारा घालून कोणाला निववणं हे माझं काम नव्हे. शिळी, दमट हवा खोलीबाहेर काढून टाकणं हे माझं काम. मी भिंतीत उंचावर बसतो. माझी एक बाजू उबेत आणि दुसरी हिमात. थंड मुलखात असं कोणीतरी लागतंच. ऊब निर्माण करणाऱ्या बंबाभोवती सगळे हात शेकायला बसतात, माझ्याजवळ मात्र कोणी बसत नाही. चालायचंच.

दक्षिणेकडच्या एका कारखान्यात माझी पाती कापली, वाकवली, जोडली गेली. तिथून ताउनो नावाच्या शेतकऱ्याने मला उत्तरेकडच्या कायनू नावाच्या जंगली मुलखात, तळ्याकाठच्या आपल्या गोठ्यात आणलं. हिवाळ्यात दारं बंद असत. गायींच्या श्वासाने भिंतींना पाझर फुटे. तो सगळा ओलावा मी बाहेर ओढून काढी, आणि बाहेर पडताच तो गोठून माझ्या जाळीला पांढरी दाढी येई. ताउनो धार काढता काढता माझ्याकडे मान वर करून म्हणायचा, "या गोठ्यात खरं काम करणारे दोघंच. एक मी आणि एक हा. बाकीच्या सगळ्या बसून खातात!" गायी रवंथ करत राहायच्या. माझी छाती मात्र फुगायची.

पुढे ताउनोचे गुडघे गेले आणि मग गायीही गेल्या. त्या दिवशी त्याने माझं बटण स्वतः बंद केलं आणि बराच वेळ त्यावर हात ठेवून उभा राहिला. त्यानंतर माझ्याकडे फक्त कोळी येत.

मला पुन्हा जाग आणली ती विर्पीने. ताउनोची सून. तिचा नवरा यार्मो लाकडाचे ओंडके वाहणारा ट्रक चालवायचा. जंगलातलं काम आटत चाललं होतं आणि औलू शहरात त्याला कायमची नोकरी मिळत होती. घरात रोज तोच विषय; हे सगळं मला पुढे त्यांच्या मुलीच्या बडबडीतून कळलं. शेवटी एकदा विर्पी म्हणाली, "मला एक वसंत दे, यार्मो. मी रोपं तयार करते. उन्हाळी बाजारात ती खपली, तर इथेच राहायचं. नाही खपली, तर सामान बांधायला पहिली मी."

"आणि बाहेर बर्फ असताना ती उगवणार कुठे? तुझ्या उशीखाली?"

"दूधघरात. दिवे लावून."

ताउनो कोपऱ्यात कॉफी पीत होता. तो ना हो म्हणाला, ना नाही. हा माणूस शब्द असे वापरायचा की जणू प्रत्येक शब्दावर कर भरावा लागतो. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तोच शिडी घेऊन आला आणि त्याने मला गोठ्याच्या भिंतीतून अलगद उतरवलं. विर्पीने मला मांडीवर घेतलं आणि जुन्या टूथब्रशने एकेक पातं घासलं. तिची मुलगी हिल्ला, अजून शाळेतही न जाणारी, शेजारी बसली होती.

"आई, तू पंख्याचे दात घासतेस?"

"याला दात नाहीत गं. पण मळ अगदी तुझ्यासारखाच आहे."

गायी असताना धारेचं दूध ज्या खोलीत थंड करत, तेच ते दूधघर. विर्पीने तिथे मांडण्या लावल्या, दिवे टांगले, लाकडाच्या बंबातून गरम पाण्याचा नळ भिंतीच्या कडेने फिरवला. मला उंचावर बसवलं, आणि समोरच्या भिंतीत अगदी जमिनीलगत ताज्या हवेसाठी एक भोक ठेवलं. बाहेरची गार हवा त्यातून यायची, नळाला घासून कोमट व्हायची आणि रोपांमधून हळूहळू माझ्याकडे चढायची. विर्पी लेकीला सांगायची, "पंखा जेवढी हवा बाहेर टाकतो, तेवढी आत यायला हवी. नाहीतर तो बिचारा नुसताच गरगरत राहील."

मित्रांनो, ते माझे सुखाचे दिवस. टोमॅटो, काकडी, झेंडू, सगळ्यांची खोडं पेन्सिलीसारखी ताठ. ताउनो रोज कॉफीचा मग घेऊन यायचा, पालथ्या बादलीवर बसायचा आणि रोपांकडे बघत राहायचा. एकदा शेजारीण डोकावली तेव्हा तो चक्क बोलला. "माझ्या सुनेची आहेत," म्हणाला. "माझी माणसं कुठे जात नाहीत आता."

आणि एप्रिलात हिवाळा मागे फिरला. तिकडे तो असा फिरतो, विसरलेली टोपी न्यायला आलेल्या पाहुण्यासारखा, आणि पुन्हा ठाण मांडून बसतो. नेमका त्याच आठवड्यात हिल्लाचा कान सुजला. पोर तळमळायला लागली. यार्मो ट्रक घेऊन दूर गेलेला. विर्पीने तिला शालीत गुंडाळलं आणि कायानी शहरातल्या इस्पितळात निघाली. जाता जाता सासऱ्याला सांगून गेली.

"बाबा, बंबात लाकडं घालत राहा. पाणी अगदी थोडं. आणि पंख्याला हात लावू नका, तो आपला आपण चालतो नि थांबतो."

"पोरी, या पंख्याला मी तुझ्या आधीपासून ओळखतो. नाही लावणार हात. शब्द दिला."

त्याने शब्द पाळला. मला त्याने बोटसुद्धा लावलं नाही.

पण बंबात लाकडं घालताना त्याच्या घोट्याला गार झुळूक लागली. तो कण्हत गुडघ्यांवर बसला आणि त्याने भोकासमोर तळवा धरला. भोकाच्या कडेला हिम जमलं होतं. "अरे देवा," तो पुटपुटला, "मी इकडे लाकडं जाळतोय आणि हा हिवाळा खुशाल दार उघडून आत येतोय!"

आता ताउनोचा एक लौकिक सांगितला पाहिजे. त्या गावात बर्फ पडण्याआधी घरोघरी खिडक्या बुजवतात. दोन काचांच्या मध्ये सुकं शेवाळ भरतात, फटींवर पिठाच्या खळीने कागदाच्या पट्ट्या चिकटवतात. वाऱ्याची फट म्हणजे आजाराला आमंत्रण, हे तिथे प्रत्येकाने आईच्या दुधाबरोबर प्यायलेलं. आणि ताउनोने बुजवलेल्या खिडकीपाशी मेणबत्तीची ज्योतसुद्धा हलत नसे. लोक त्याला मुद्दाम बोलावून नेत.

त्याने शेवाळाचं पोतं आणलं. राईच्या पिठाची खळ शिजवली. भोकात शेवाळ दाबून दाबून भरलं, वर कागदाची पट्टी लावली आणि तिचे चारही कोपरे अंगठ्याने पुन्हा पुन्हा नीट बसवले. मग रोपांकडे वळून म्हणाला, "झोपा आता निवांत, बाळांनो."

मी फिरत होतो, मित्रांनो. मी फिरतच होतो. पण आत काही येतच नसेल, तर बाहेर काय टाकू? माझं अंग तापलं, आवाज जड झाला. खोलीतली हवा डबक्यासारखी साचली. भिंतींवर थेंब जमले, मग पानांवर. ताउनोने ते पाहिले आणि त्याचा चेहरा उजळला. "घाम फुटला! म्हणजे ऊब लागली!" सौनात, म्हणजे तिकडच्या तापवलेल्या वाफेच्या खोलीत, बसून घाम काढला की माणसाचं दुखणं पळतं, मग रोपाचं का नाही पळणार? त्याने बंबात आणखी लाकडं घातली. गुडघे धरून, कण्हत, विर्पी इस्पितळात होती ते सगळे दिवस घालत राहिला. त्याच्याइतकं त्या रोपांसाठी कोणी राबलं नाही, हे मी शपथेवर सांगेन.

आधी झेंडू आडवे झाले. खोडं मातीजवळ पिचली, दोऱ्याएवढी झाली. मग टोमॅटोच्या पानांवर बुरशीची राखाडी लव आली, उंदराच्या पाठीसारखी.

विर्पी परतली तेव्हा दारातच थबकली. हिल्लाच्या कानात कापूस होता, तिने आईचा कोट धरला होता. विर्पी रडली नाही. तिने बादलीवर चढून माझ्यासमोर हात धरला. मी जिवाच्या आकांताने फिरत होतो, पण तिच्या बोटांना वारा लागला नाही. मग तिने वळून खाली पाहिलं आणि तिला ती पट्टी दिसली. तिने कोपऱ्यांवरून बोट फिरवलं. अंगठ्याचे ठसे खळीत वाळले होते. ती तिथेच फरशीवर बसली.

थोड्या वेळाने तिने पट्टी फाडली आणि शेवाळ उपसून काढलं. गार हवा धावत आत आली. माझा आवाज मोकळा झाला, मेलेली पानंसुद्धा थरथरली.

"चालला! आई, पंखा चालला!" हिल्ला ओरडली.

"हो," विर्पी म्हणाली. "चालला."

नव्याने पेरायला दिवस उरले नव्हते. रात्रीच्या जेवणाला यार्मो आला; तिथे काय झालं तेही मला दुसऱ्या दिवशी हिल्लानेच सांगितलं. सगळं ऐकून त्याने टोपी काढली आणि विचारलं, "असं झालं तरी कसं?"

विर्पीने तोंड उघडलं. पण त्याआधी ताउनो बोलला, आयुष्यभराचे साठवलेले शब्द एकदम खर्च करावेत तसा. "मी तर जिवापाड जपली रे. वारा लागू नये म्हणून खालचं ते भोकसुद्धा बुजवलं, नाहीतर आणखी आधी गेली असती. तो पंखाच जुना. त्यानेच दगा दिला." चमच्यातलं सार टेबलावर सांडलं तरी त्याच्या ध्यानात आलं नाही.

विर्पीने सांडलेलं सार पुसून घेतलं. मग तिने राईची भाकरी मोडली आणि अर्धी त्याच्या ताटात ठेवली.

"हो बाबा," ती म्हणाली. "पंखा जुनाच होता."

मित्रांनो, मला जीभ नाही. असती तर त्या दिवशी मी किंचाळलो असतो. ती असं का बोलली ते मला कळतं. पण कळलं म्हणून कडू ते गोड होत नाही. माणसांना एकमेकांवर माया करायची असते, आणि तिचा भार उचलायला एखादी मुकी वस्तू सापडली की त्यांचं काम सोपं होतं. आम्ही राबलो तर ते आमचं कामच होतं. काही बिघडलं की आम्ही जुने.

मे महिन्यात औलूला जायला ट्रकवर सामान चढलं. ताउनो मात्र मागेच राहणार होता. मला ताउनोनेच उतरवलं. पण या वेळी अलगद नाही. ज्या हाताने मला एके काळी तेलपाणी केलं, त्याच हाताने त्याने मला सरपणाच्या ढिगामागे भिरकावलं. "तुझ्यामुळे चालली माझी माणसं," तो म्हणाला. एक पातं वाकलं. त्याचं मला काही नाही. पण ते वाक्य अजून लागतं.

तुमच्या घरीही एखादं जुनं यंत्र असेल. त्याची धूळ पुसा, त्याला वेळेवर तेल द्या, आणि काही बिघडलं तर त्याच्या माथी खापर फोडण्याआधी क्षणभर खाली वाकून बघा. ऊब जरूर जपा, पण हवेला वाट ठेवा. आणि कोणाचं काही सांभाळायला घेतलंत, तर त्याला काय लागतं ते आधी विचारा. आपल्याला काय लागतं ते त्याच्यावर लादू नका.

निघायच्या घाईत हिल्ला मांजर शोधत सरपणामागे आली आणि मी तिला दिसलो. तिने उकिडवं बसून माझ्या पात्याला बोटाने हळूच ढकललं. मी फिरलो. तिला न्यायला आलेली विर्पी तिच्या मागे येऊन उभी राहिली. पलीकडे ताउनो ट्रकची दोरी आवळत होता. ती आधीच घट्ट होती, तरी आवळत होता.

हिल्लाने आईकडे वर पाहिलं.

"आई, हा बिघडलेला नाहीच. आजोबांना हे आपण कधी सांगायचं?"