नाव घेतलं की बाद

“फूल,” म्हणून ढोलू मोकळा झाला आणि लगेच त्याने जीभ चावली. पण तोवर वर्गाने निकाल देऊन टाकला होता. बाद. तो मुकाट्याने उठला आणि भिंतीलगतच्या सतरंजीवर जाऊन बसला.

बाईंचा हा खेळ जुना होता. त्या एक चित्र दाखवत. चित्रातल्या वस्तूचं रोजचं नाव घ्यायचं नाही, दुसरं सांगायचं. फुलाला पुष्प, पाण्याला जल. रोजचं नाव निसटलं की सतरंजी. पाच वर्षांच्या पोरांना ‘समानार्थी’ म्हणताना बोबडी वळते, म्हणून बाईंनी खेळाचं नाव ‘शेजारी’ ठेवलं होतं. घरात कुणी नसेल तर आपण शेजारी हाक मारतो, तसंच. बालवर्गाला हे जड जातं, असं मुख्याध्यापिका अधूनमधून सुचवायच्या. बाई “हो, बघते” म्हणायच्या आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच खेळायच्या.

आज वर्गाच्या मागच्या कोपऱ्यात बाईंचे यजमान एक बुटकं टेबल उलटं करून त्याचा पाय बसवत होते. मोठी माणसं त्यांना सुतारकाका म्हणत, मुलं आजोबा. टेबल खरोखरच डुगडुगत होतं. बाईंनी फक्त ते शाळेच्या शिपायाला सांगायचं टाळलं होतं.

एके काळी काकांचं तोंड सुरू झालं की रंधा हातातच राहायचा आणि गिऱ्हाईक कपाट न बघताच, पोटभर गप्पा मारून घरी जायचं. मागच्या वर्षी मेंदूत रक्ताची गुठळी झाली. हात हळूहळू ताळ्यावर आले, शब्द आले नाहीत. वस्तू ओळखू यायची, ती कशाला वापरतात तेही नीट कळायचं. नाव तेवढं सापडायचं नाही. सापडायचं ते आसपासचं काहीतरी. उशी हवी असली की गादी मागत, चमचा हवा असला की डाव. घरात बाईंना ते बरोबर समजायचं. पण एकदा दुकानात खिळे मागताना ते “सुया द्या” म्हणाले, आणि दुकानदाराने हसत विचारलं, काका, आता शिवणकाम काढलं की काय. त्याच्या मनात काही वाकडं नव्हतं. तरी त्या दिवसापासून चारचौघांत काकांच्या तोंडाला कुलूप लागलं ते लागलंच.

वाचेचे उपचार करणाऱ्या मुलीने बाईंना बाजूला घेऊन बजावलं होतं. तुमच्या एकटीशी बोलून भागणार नाही, लोकांत बोलणं थांबलं तर आज आहेत ते शब्दही जातील. बाईंनी खूप विनवलं. काका नुसती मान हलवायचे. शेवटी हे टेबल डुगडुगलं.

ते टेबल टिल्लीचं होतं, त्यामुळे दुरुस्तीवर देखरेख करणं तिला भागच होतं. ती काकांशेजारी उकिडवी बसली आणि खेळणार का म्हणून विचारू लागली. काकांनी मान हलवली.

“घाबरता का आजोबा? बाद झालं तर कुणी मारत नाही. सतरंजीवर बसायचं, बस.”

बाईंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि पुढचं चित्र उचललं. दार. हे नवीन होतं. मुलं एकमेकांकडे बघू लागली.

“कवाड,” मागून आवाज आला.

काकांनी मान वरही केली नव्हती. बाई सगळ्यांना म्हणतात त्याच सुरात “बरोबर” म्हणाल्या आणि लगेच रस्ता दाखवला. काका म्हणाले, वाट. पक्षी दाखवला, तर पाखरू. आता अख्खा वर्ग मागे वळून बसला होता.

“बाईंनी घरी शिकवून आणलंय,” ढोलू सतरंजीवरून म्हणाला. “ही चीटिंग आहे.”

काका हसले. पेचकस खाली ठेवून, खांदे हलवून हसले.

ते हसू बाई बघत राहिल्या. रोजचं नाव ओठावर आधी येतं, म्हणून मुलं फसत होती. काकांच्या ओठावर ते येतच नव्हतं. या वर्गात त्यांना हरवणं कुणाला शक्य नव्हतं.

मग झाडाचं चित्र आलं. दोघं-तिघं ‘वृक्ष’ म्हणायला टपून बसली होती, पण टिल्लीने सगळ्यांना गप्प केलं. आता पाळी आजोबांची. काका बराच वेळ चित्राकडे बघत राहिले. ओठ हलले, थांबले. लाकूड म्हणतील, फांदी म्हणतील, अशा अंदाजाने बाई थांबल्या होत्या.

“झाड,” काका म्हणाले.

सगळा वर्ग एकदम हळहळला.

“बाई, त्यांना एक चान्स द्या ना,” टिल्ली रडवेली झाली. “ते पहिल्यांदाच खेळतायत.”

काकांनीच हात वर करून टिल्लीला थांबवलं.

“झाड,” ते पुन्हा म्हणाले. खिळा नीट बसलाय ना हे बघायला आणखी एक हलका ठोका मारावा, तसं. “झाडच आहे ते.”

“मग बादच,” ढोलू म्हणाला.

“बाद,” काकांनी कबूल केलं. गुडघ्यावर हात रोवून ते उठले आणि मुलांमधून वाट काढत सतरंजीपाशी गेले. ढोलूने सरकून जागा दिली. ते बेताबेताने खाली बसेपर्यंत तो थांबला, मग जाणत्या माणसासारखा म्हणाला, “होतं असं आजोबा. आपण लक्ष ठेवतो, पण तोंडातून निघून जातं.”

“हो ना,” काका म्हणाले. “गेलं निघून.”

बाईंनी पुढचं कार्ड उचलून धरलं. त्या उत्तराची वाट बघत उभ्या होत्या. नजर मात्र सतरंजीकडे होती.

“बाई,” शेवटी टिल्ली हळूच म्हणाली, “आमच्याकडे कोरी बाजू आलीय.”