मी चिकटतो कसा, मलाच ठाऊक नाही

मी एक हिरवा शिंपला बोलतोय. मालवणकडची माणसं आम्हाला शिनाणे म्हणतात आणि आवडीने खातात. मला डोकं नाही, फक्त एक पाय आहे. तरी मी संशोधनात होतो, आणि तिथे डोक्यावाचून माझं काही अडलं नाही.

मला तिथे नेलं ते माझ्या डिंकासाठी. पायातून निघणाऱ्या धाग्यांनी मी भर लाटांत ओल्या खडकाला घट्ट चिकटतो. कसा, ते मलाही ठाऊक नाही. पायाला ठाऊक असावं. तसा डिंक बनवून टाक्यांशिवाय माणसाची जखम बंद करायची, हे देवबागच्या डॉक्टर जुलिया मॅडमचं स्वप्न. मसुऱ्याची रसिका त्यांची पीएचडीची विद्यार्थिनी. माझी काचेची टाकी दोघींच्या टेबलांच्या मधोमध.

ताण मोजायचं यंत्र दुरुस्तीला पुण्याला गेलेलं. म्हणून रसिका डुकराच्या कातडीचे दोन तुकडे डिंकाने जोडायची आणि खाली नारळ टांगायची. मॅडमची पद्धत ठरलेली होती: डिंकात आधी लोहक्षार मिसळायचे, मग तो लावायचा. नारळ टांगला की पडायचा. खालच्या मजल्यावरचे लोक दचकायचेही थांबले होते. त्यात प्रयोगशाळेतलं खोबरं खायचं नाही हा नियम. डिंक सुटण्यापेक्षा ते वाया जाणारं खोबरं पाहून रसिकाचा जीव जास्त तुटायचा.

डिंक चिकटत नव्हता असं नाही. रसिकाचा हातमोजा टेबलाला चिकटला, मॅडमचा चष्मा नाकाला. कातडीला कातडी तेवढी चिकटेना.

तपासणी समिती यायची होती. काम पुढे सरकलं नाही तर प्रकल्प बंद. एका दुपारी रसिका मॅडमसमोर उभी राहिली.

"मॅडम, रागावू नकात. लोखंड आधी घातला की डिंक भांड्यातच घट्ट होऊन बसता. आधी डिंक लावन मगे लोखंड घालूया?"

"माझी आख्खी पीएचडी लोखंड आधी घालण्यार आसा गो."

"म्हणानच सांगूक भियालंय."

मॅडमनी पायाशी पडलेला नारळ उचलला, हातात फिरवून पाहिला. मी माझे दोन्ही शिंपले मिटून घेतले.

"टांग नारळ," शेवटी त्या म्हणाल्या.

रसिकाने तिच्या पद्धतीने तुकडे जोडले, नारळ टांगला. दोघी मागे सरल्या; सवयच ती. नारळ पडला नाही. जेवणाची वेळ टळली, तरी नाही. मॅडमनी त्याला दुसरा नारळ बांधला. एवढ्यात खालच्या मजल्यावरून एकजण धापा टाकत वर आला आणि म्हणाला, "आवाज नाय इलो. सगळा बरा आसा मा?"

समिती आली, टांगलेले नारळ पाहिले. अध्यक्षांनी विचारलं, "ही पद्धत कोणाची?"

मॅडम शुद्ध मराठीत म्हणाल्या, "हिची. माझी चुकीची होती. अहवालात तसंच लिहा."

प्रकल्पाला मुदतवाढ मिळाली. मंडळी गेल्यावर मॅडम माझ्या टाकीपाशी येऊन उभ्या राहिल्या. चष्मा काढला, डोळे पुसले. रसिका मागून आली.

"मॅडम, वायट वाटला?"

"वाटला मगे. इतक्या वर्षांचो संसार तो." मग त्यांनी नाक पुसलं. "पण तू गप रवलं असतंस, तर माझी गाइडकी फुकट गेली असती."

आता उंदरांवर चाचण्या होतील. माणसाच्या जखमेपर्यंत पोचायला बरीच वर्षं आहेत. डिंकाचं प्रथिन हल्ली जिवाणूंकडून करून घेतात, म्हणून मला सुट्टी मिळाली. रसिकाने मला देवबागला, मॅडमच्या घरामागच्या बंधाऱ्याच्या दगडावर आणून ठेवलं. मी पाय बाहेर काढला, दगड चाचपला आणि पहिला धागा टाकला.

आता एकच विनंती. उद्या तुमची जखम टाक्यांविना मिटली, तर रसिकाचं नाव घ्या, मॅडमचंही घ्या. माझं घेऊ नका. जेवणाच्या वेळी तर मुळीच नको.