पोचा काढलेली बादली

मी बोलतेय, मी. इकडे, नळाखाली बघा. पत्र्याची बादली. कडी जरा वाकडी झालीय, पण तोंड अजून गोल आहे.

कारखान्यात मी आधी नुसता सपाट पत्रा होते. यंत्रानं वळवलं, बूड बसवलं, जस्ताच्या कढत रसात बुचकळून काढलं आणि मी बादली झाले. दुकानात काकूंनी मला तीनदा वाजवून पाहिलं आणि मगच घेतलं. काकू सगळंच वाजवून घेतात, माणसंसुद्धा.

त्यांच्याकडे माझी पंधरा वर्षं गेली. एकदा त्यांच्या हातून जिन्यावरून गडगडले आणि पोटाला चांगला ताटलीएवढा खोल पोचा पडला. मला त्याचं काही वाटत नव्हतं. काकूंना मात्र तो सारखा टोचायचा.

काकूंची एक सवय सांगते. कुणी मागायच्या आत त्या वस्तू नेऊन देतात. "असू दे, लागेल तुम्हाला." वस्तू दिली की तिची विचारपूस करायला रोज जाता येतं. हे त्या कबूल करणार नाहीत, म्हणून मी करते.

अशीच मी शेजारच्या लाँड्रीत आले. खाली दुकान, वर घर. लाँड्रीवाली कपड्यांच्या गठ्ठ्यांशी, तिचा नवरा इस्त्रीशी आणि तिचे बाबा वरच्या खिडकीशी. बाबांनी जन्मभर बस चालवली. आता गुडघ्यांनी दगा दिला होता. जिन्याला अठरा पायऱ्या, आणि नऊ महिन्यांत ते एकदाही खाली उतरले नव्हते. म्हणून लेकीनं परसात एक खोली बांधायला काढली. एक पलंग, एक खुर्ची मावेल एवढीच, पण जमिनीला लागून.

पायाचे चर खणून झाले, शिगा बांधून झाल्या. मिस्त्रीनं मला पुढ्यात ओढलं, तेलाच्या डब्यानं माझ्यात साडेबारा लिटर पाणी मोजून ओतलं आणि खिळ्यानं आतून रेघ ओढली.

"सिमेंटच्या एका गोणीला रेघेपर्यंत दोन बादल्या," तो म्हणाला. "पाणी वाढवलं की कालवायला बरं वाटतं, हात दुखत नाहीत. पण पाया कच्चा राहतो. वर भिंत चढल्यावर रडून उपयोग नाही."

"ऐकलं ना?" खिडकीतून बाबा म्हणाले. "जावईबापू, तुम्हालाच सांगतोय तो."

त्याच संध्याकाळी काकू आल्या. चर पाहिले, शिगा मोजल्या, आणि मला बघून त्यांचा जीव वरखाली झाला. उद्या चार माणसं जमणार आणि आपली बादली ही अशी! कुणाला न सांगता त्यांनी मला उचललं आणि कोपऱ्यावरच्या डबे दुरुस्त करणाऱ्याकडे नेलं. त्यानं आतून ठोकून पोचा काढला. सकाळी सातला मी जागेवर हजर, घासूनपुसून, पोट गुळगुळीत.

रेघ होती तिथेच होती. पण पोच्यानं अडवलेली जागा आता पाण्याला मोकळी झाली होती. मला कळत होतं, पण बादलीचं कोण ऐकतं?

मिस्त्री घाईत होता. वाळू, सिमेंट, खडी फावड्यानं वरखाली झाली, मधे आळं केलं, माझ्यातलं पाणी ओतलं. घमेली भराभर निघाली. दोन गोण्यांचा माल एका कोपऱ्यात पडला तेव्हा मिस्त्री थबकला. थापीवर घेतलेला माल घरंगळून खाली आला.

"सैल वाटतोय. वाळू ओली असणार."

काकू कुंपणाशी उभ्या होत्या. सकाळपासून त्यांचं तोंड चालू होतं, ते एकदम बंद झालं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग कोपऱ्याकडे. तो कोपरा बाबांच्या दाराचा. बोलावं तर भरलेलं सगळं उपसायला लागणार, आणि दोष त्यांच्या पदरात. न बोलावं तर कुणाला कधी कळणारही नव्हतं.

"काय हो, गाडी का थांबली?" वरून बाबांनी विचारलं.

काकूंनी मान वर केली. "माझ्यामुळे थांबली," त्या म्हणाल्या. "बादलीचा पोचा मी काढून आणलाय. काल संध्याकाळी. मिस्त्री, पाणी जास्त पडतंय तुमचं."

लाँड्रीवालीनं कपाळाला हात लावला. "काकू, अहो, विचारायचं तरी."

"विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस."

मिस्त्रीनं डबा आणून मोजलं. प्रत्येक बादलीला दीड लिटर जास्त. तो हसला नाही, रागावलाही नाही. "बरं झालं आत्ताच बोललात. दोन तासांनी पहार लावावी लागली असती. उपसा सगळं."

"आणि ते टाकून देणार?" जावयानं विचारलं.

"टाकायचं कशाला? नळाखाली चिखल असतो ना, तिथे पसरा. बादल्या ठेवायला चालेल. घर ठेवायला नाही."

उपसायला सगळ्यांत पुढे काकूच. पदर खोचून, कोपरापर्यंत माखलेल्या. जावई स्कूटरवरून दोन गोण्या घेऊन आला. मिस्त्रीनं हातोडी उचलून माझ्याकडे पाहिलं. पण त्यानं परत पोचा पाडला नाही. पहिल्या रेघेखाली दुसरी ओढली. दिवस मावळायच्या आत पाया पुरा भरला.

पुढे बरेच दिवस पायावर पाणी मारायला काकू रोज सकाळी यायच्या आणि मला भरून न्यायच्या. जाताना खिडकीकडे बघून सांगायच्या, "उद्यापण येते हो."

खोली उभी राहिली. जावई आणि मिस्त्रीनं बाबांना खुर्चीसकट जिन्यातून उतरवलं. बाबा खुर्चीतून हुकूम सोडत होते, "येऊ दे, येऊ दे, डावीकडे घे, बस्स." खाली टेकल्यावर त्यांचे पाय जमिनीला लागले. कितीतरी वेळ ते तळवे तिच्यावर घासत राहिले.

मी आता या नळाखाली असते, त्याच पातळ मालाच्या ओट्यावर. त्याला दोन भेगा पडल्यात. बाबांच्या भिंतीला एकही नाही.

तुमच्या घरात कुणाला पोचा असेल, तर काढण्याआधी जरा विचारा. त्याच्या हिशोबानं कुणीतरी एखादी रेघ ओढलेली असते. आणि न विचारता काढलाच, तर काकूंसारखं वेळेत सांगून टाका.

चला, बाबा येतायत काठी टेकत. दाराशी त्यांनी एक झाड लावलंय. रोज स्वतः नळ सोडतात, वाकून माझ्यात बघतात आणि खालच्या रेघेला पाणी पोचलं की नळ बंद करतात.