दिवा लुकलुकत असताना

मी एक पेन ड्राइव्ह, अंगठ्याएवढा. पोटात पुष्कळ मावतं, पण स्वतःहून एक अक्षर बोलता येत नाही. आज मात्र सांगतो, कारण ज्याचं सांगायचं त्याला तर मुळीच बोलता येत नाही.

कारखान्यात पट्ट्यावरून हजारो भावंडांबरोबर सरकत आलो, म्हणून जन्माचं कौतुक कुणी केलं नाही. पुढे दुकानात खिळ्याला टांगून होतो. तिथून एका काकूंनी मला घेतलं. "यात आवाज नीट राहतो ना हो?" त्यांनी विचारलं.

"काकू, माणूस विसरेल, हा विसरायचा नाही," दुकानदार म्हणाला. काय फुगलो होतो मी तेव्हा!

काकूंचे यजमान बसस्टँडवर माइकवरून गाड्या पुकारायचे. बत्तीस वर्षं. गाव त्यांना माइककाका म्हणायचं. "गाडी पूर्ण थांबल्याशिवाय कुणीही उतरू नये," हे वाक्य तर त्यांनी इतक्यांदा म्हटलेलं, की झोपेतही पुटपुटायचे. त्याच गळ्यात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, जीव वाचेल, आवाज जाईल.

मुलीला सातवा महिना होता. काकांनी ठरवलं, नातवंडाला आवाज ठेवून जायचा. अकरा गोष्टी वहीत उतरवल्या, आंघोळ करताना म्हणून पाहिल्या.

"स्टँडवर तुमचं ऐकलं जायचं, घरात माझं," काकू म्हणाल्या, "आता नातवंडही तुमच्याच बाजूला ओढा."

"अगं, तुला बोलायला अख्खा जन्म पडलाय," काका हसले. काकूंना हसू आलं नाही.

ध्वनिमुद्रणाच्या खोलीला चारी बाजूंनी जाड स्पंज होता. आपलाच श्वास ऐकू यावा इतकी शांतता. सकाळी नऊपासून काका कोमट पाण्याचे घोट घेत बोलत होते, वाघाचा आवाज, म्हातारीचा आवाज, सगळं. दीडला अकरावी गोष्ट संपली. चारला इस्पितळात दाखल व्हायचं होतं, सकाळी ऑपरेशन.

रेकॉर्डिंगवाल्याने मला कॉम्प्युटरला लावलं. त्याचा एक नेम होता. लोक त्याच्याकडे मनातलं बोलून जायचे, म्हणून तो कुणाचा आवाज स्वतःकडे ठेवत नसे. हवाली करायचा आणि समोरच पुसायचा.

आता कॉम्प्युटरची एक खोड सांगतो. मी पडलो मंद. म्हणून तो सगळा माल आधी स्वतःच्या दारात उतरवून घेतो, माणसांना सांगून टाकतो "झालं", आणि मग मागून माझ्याकडे थोडं थोडं पोचवत बसतो. तोवर माझा दिवा लुकलुकत असतो. तोवर मला हात लावायचा नसतो.

पडद्यावरची हिरवी पट्टी भरली. "झालं बघा काका. आता तुमच्यासमोर पुसतो," म्हणत त्याने पुसलंसुद्धा. माझा दिवा लुकलुकतच होता.

काकांनी घड्याळ पाहिलं. "चल गं, बस सुटेल," म्हणाले, आणि मला उपटून खिशात टाकलं.

गोष्टी अजून वाटेत होत्या. कॉम्प्युटरच्या दारात खोळंबलेल्या, तिथेच विरून गेल्या. तो ओरडलाही, पडद्यावर पाटी लावून: ड्राइव्ह नीट काढला नाहीत. रेकॉर्डिंगवाल्याने पाटी न वाचताच मिटवली. "हे याचं रोजचंच," म्हणाला.

उभा जन्म लोकांना गाडी थांबेपर्यंत थांबा म्हणणारा माणूस! कुणाला बोल लावायचा?

ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी मुलीने मला लॅपटॉपला लावलं. ड्राइव्हमध्ये बिघाड आहे, दुरुस्त करू? लॅपटॉपने विचारलं. तिने हो म्हटलं. माझ्या पोटातून गोष्टींची अकरा नावं निघाली. वाघ आणि म्हातारी. आंधळा शिंपी. नावं ठणठणीत, आत शून्य.

रेकॉर्डिंगवाला फोनवर रडकुंडीला आला. "ताई, पुसलेल्या जागेवर आणखी दोघांची रेकॉर्डिंगं भरून झाली हो. खूप खोदलं, काही निघेना."

"बाबांना कोण सांगणार?" मुलगी म्हणाली.

काकूंनीच सांगितलं. काका खाटेवर बसून होते, गळ्याला भोक, त्यात नळी. ऐकून मान हलवली, पाटी ओढली आणि झरझर लिहिलं: त्यात काय, परत सांगतो.

लिहिलेलं त्यांनी स्वतःच वाचलं. मग तळव्याने पुसून टाकलं.

मला तेव्हा कचऱ्यात टाकलं असतं तर बरं झालं असतं. टाकलं नाही, कारण माझ्यात एक तुकडा पूर्ण पोचला होता. गोष्टींच्या आधी माइक तपासायला काका बोलले होते, तेवढा.

बाबांनो, पट्टी भरली म्हणून धावू नका. माझ्या जातीचा कुणी हातात आला, तर कॉम्प्युटरला विचारा, काढू का? तो हो म्हणेतो, दिवा विझेतो थांबा. एवढंच मागणं आहे.

नात आता तीन वर्षांची आहे. रोज जेवताना हटून बसते, आजोबांचा आवाज लाव. काकू मला लावतात. काका समोरच्या खुर्चीवर खाली बघत बसलेले असतात.

"हॅलो, हॅलो," मी म्हणतो, त्यांच्या आवाजात. "येतोय का आवाज?"

"येतोय!" पोरगी ओरडते. तुकडा तिथेच संपतो. घास तोंडात धरून ती माझ्याकडे बघत राहते, मग विचारते,

"मग?"