नणंद-भावजयीचा फजचा टोप

मी एक जुना, जाड बुडाचा टोप आहे, मित्रांनो. माझा जन्म क्यूबेकमधल्या एका ओतशाळेत झाला. अल्बर्तीन आजींनी मला घरी आणलं, माझ्यात ब्राऊन शुगर, क्रीम आणि लोणी घातलं, आणि माझं काम कायमचं ठरून गेलं. नाताळ आला की फज, म्हणजे साखर-क्रीमच्या मऊ वड्या. कुणी सुपासाठी मला उचललं की आजी म्हणायच्या, "ठेव खाली. कांद्याचा वास लागेल त्याला."

आजी गेल्या आणि मी त्यांच्या सुनेकडे, बर्नादेतकडेच राहिलो. आजींच्या लेकीला, सोलांजला, ते फार लागलं.

"आईचा टोप मला न विचारता ठेवून घेतलास, वहिनी?"

"मागितला असतास तर दिला असता."

"आईची वस्तू मी मागायची?"

त्यानंतर सोलांज नाताळला यायची बंद झाली. फज मात्र होत राहिलं, लोक वाहवा करत राहिले. पण बर्नादेत वड्या कापताना एकदा तरी दाराकडे बघायची. मला ते दिसायचं.

मग एका नाताळच्या आदल्या दिवशी ती अंगणातल्या बर्फावर घसरली आणि तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. फज शिजवणं सोपं असतं, मित्रांनो. खरा कस लागतो तो घोटताना. मिश्रण आधी शांतपणे कोमट होऊ द्यायचं, मग त्याची चकाकी जाईपर्यंत घोटत राहायचं. बर्नादेतचा नवरा रोझेर बाह्या सरसावून पुढे आला. थांबणं त्याच्या स्वभावातच नव्हतं. त्याने उकळतं मिश्रणच ढवळायला घेतलं, आणि बघता बघता माझ्यात गोड वाळू तयार झाली.

बर्नादेतने एक चिमूट चाखली. "छान. आता अंगणात टाक, पाय घसरणार नाहीत कुणाचे."

"मग करू काय?"

तिने दाराकडे पाहिलं. "तुझ्या बहिणीला फोन लाव."

सोलांज आली. कोटही न काढता तिने माझ्यात डोकावून पाहिलं. "हे कुणाचं कर्तृत्व?" रोझेर हळूच बाहेर सटकला.

तिने थोडं क्रीम ओतून सगळं मंद आचेवर पुन्हा वितळवलं, उकळवलं. थंड पाण्यात थेंब टाकून त्याची मऊ गोळी वळून पाहिली, मग मला खाली उतरवलं. दोघी माझ्या दोन बाजूंना बसल्या. मिश्रण निवेपर्यंत करण्यासारखं काहीच नव्हतं, म्हणून त्या बोलल्या.

"मी मागायला हवा होता," सोलांज म्हणाली.

"मी विचारायला हवं होतं. आता घोट, नाहीतर दगड होईल."

सोलांज घोटू लागली. बर्नादेतने डाव्या हाताने माझा कान घट्ट धरला. इतकं मऊ फज माझ्यात आजींनंतर प्रथमच झालं.

निघताना बर्नादेतने मला धुऊनपुसून सोलांजच्या काखेत दिलं.

"ईस्टरला परत आण. आणि रिकामा आणू नकोस."

"आणि तू मला रिकामा देतेयस तो?" सोलांज म्हणाली.

बर्नादेतने मला परत घेतलं आणि काठोकाठ वड्या भरल्या.

मित्रांनो, तारेच्या घासणीने मला खरवडू नका, ही माझी विनंती आहेच. पण त्याहून मोठी विनंती अशी, की मला एकाच घरात ठेवू नका. या घरातून त्या घरात जाताना माझं वजन कुणालाच जाणवत नाही.