लाल यावं म्हणून

रमजानच्या त्या दुपारी गारुत गावातली बारावीची यच्चयावत पोरं अल्लाकडे निळा रंग मागत होती, आणि एकटी रेंगानिस लाल मागत होती. तीन वाजता सरकारी विद्यापीठांचा निकाल फोनवर यायचा होता. निळी पाटी आली म्हणजे प्रवेश मिळाला, लाल आली म्हणजे नाही मिळाला, एवढा साधा मामला. बापाच्या सलूनमध्ये मागच्या बाकावर बसून ती मनातल्या मनात घोकत होती, ‘लाल येऊ दे, फक्त लाल येऊ दे.’ असलं भलतं मागणं उपाशीपोटी कुणी मागतं का? पण तिनं मागितलं, आणि मागताना तिला बापाकडे बघवत नव्हतं.

तिचा बाप ओमान, आदरानं सगळ्यांचा पाक ओमान, हा कात्रीपेक्षा जिभेनं जास्त काम करणारा माणूस. रोजा असला तरी त्याच्या तोंडाला कुठली विश्रांती? ईद जवळ आलेली, त्यामुळे खुर्ची रिकामी राहत नव्हती, आणि खुर्चीत बसेल त्या डोक्याला तो एकच गोष्ट ऐकवत होता: आपली पोरगी विमानं बनवणार.

“चालवणार?” खुर्चीतल्या हाजी उंदांगनी मुद्दाम विचारलं. त्यांना उत्तर पाठ होतं.

“चालवणार नाही हो, बनवणार! चालवणारा काय, ड्रायव्हर. तुमचा जावई टेम्पो चालवतो, त्यानं तो बनवलाय का?”

“जावयाचं नाव काढू नकोस बाबा. तोंडात शिव्या येतात, रोजा मोडेल माझा.”

“मान खाली घ्या. कान जाईल.”

आई गेल्यापासून घरात हे दोघंच, बाप आणि लेक. पोरीला विमानाचं वेड लागलं तेही या सलूनमध्येच. थर्माकोल घासून घासून ती पंख बनवायची, घरातल्या वजनकाट्यावर तो टेकवायची आणि बापाच्या केस वाळवायच्या मशीनचा वारा त्यावर सोडायची. काट्यावरचं वजन उतरलं की समजायचं, पंख उचलला जातोय. मग पंखाचं पुढचं टोक जरा वर करायचं, पुन्हा वारा, पुन्हा वजन. गिऱ्हाइकं ओल्या डोक्यानं खोळंबायची आणि पाक ओमान उलट त्यांनाच दटावायचा, “थांबा हो जरा, इथं विज्ञान चाललंय.”

विमानाची पदवी घ्यायची तर कुठं, यावर बापलेकीनं भरपूर काथ्याकूट केला होता. योग्यकार्ताला एक खाजगी कॉलेज होतं, पण तिथली फी ऐकून पाक ओमान चक्क गप्प बसला होता. जाकार्ताजवळच्या एका संस्थेत विमानं दुरुस्त करायला शिकवत. “दुरुस्त नाही बापा, मला ते मुळातनं आखायचंय,” ती म्हणाली होती. उरलं बांडुंगचं सरकारी विद्यापीठ. तिथं विमानाचा विभाग होता, आणि शाळेतल्या गुणांवर प्रवेश मागण्याजोगे तिचे गुणही होते. ठरलं होतं. बापलेकीचं अगदी पक्कं ठरलं होतं.

मग माशी शिंकली कुठं? तर बू एन्तिनच्या खोलीत.

बू एन्तिन, म्हणजे एन्तिनबाई, या शाळेतल्या मार्गदर्शक. कुणी कुठं अर्ज करायचा याची मांडामांड त्या दर जानेवारीत करायच्या, कारण एकाच शाळेतली दोन पोरं एकाच विभागावर जाऊन धडकली तर दोघांच्याही तोंडावर दार बंद होतं, असा त्यांचा अनुभव. बाई वाईट नव्हत्या. वाईट असत्या तर बरं झालं असतं. दुष्ट माणसाशी निदान भांडता येतं.

“नेंग, पोरी, तुझ्या वर्गातला विगुनाही बांडुंगला विमानाचंच भरतोय,” त्या मायेनं म्हणाल्या होत्या. “तुम्ही दोघं तिथं भराल आणि दोघंही पडाल. गेल्या वर्षी पडलेच ना दोघं! तू असं कर, शेतीच्या यंत्रांचं भर. इथं जवळच्या विद्यापीठात आपल्या शाळेची पोरं हमखास घेतात. ट्रॅक्टरलाही इंजिन असतंच की.”

‘पण ट्रॅक्टर उडत नाही, बू,’ हे रेंगानिसच्या ओठांपर्यंत आलं. बाहेर पडलं ते, “हो, बू.”

“आणि मी काहीच भरलं नाही तर? नुसती प्रवेश परीक्षा दिली तर?” एवढं मात्र तिनं कसंबसं विचारलं.

“गुणांवर अर्ज करायची शाळेच्या वाट्याची जागा फुकट घालवणार? तुझ्या मागच्या नंबरची पोरगी यादीत आली नाही म्हणून इथं बसून रडून गेली. आणि हे बघ, निळं आलं की मागं फिरायचं नाही. निळं आलेल्याला परीक्षेला बसूच देत नाहीत. वर प्रवेश नाकारलास, तर ते विद्यापीठ पुढं आपल्या शाळेकडे ढुंकूनही बघणार नाही. मागं एकानं नाकारला, त्याचं आपण अजून भोगतोय. कळलं ना?”

“हो, बू.”

एवढी हुशार पोरगी, पंखाचा तिरपा कोन कागदावर बिनचूक मांडणारी, पण मोठ्या माणसासमोर तोंडातून ‘नाही’ निघेल तर शपथ. हसून हो म्हणायचं आणि घरी येऊन उशीत तोंड खुपसायचं, हे तिच्या हाडीमाशी भिनलेलं. संध्याकाळी बापानं विचारलं, “भरलंस?” ती म्हणाली, “भरलं.” ते खोटं नव्हतं, पण काय भरलं ते तिनं सांगितलं नाही. आता सुटकेची एकच वाट उरली होती. लाल आलं की परीक्षेला बसता येणार होतं, आणि परीक्षेतून पुन्हा बांडुंगला नाव टाकता येणार होतं. बापाला काही सांगावंही लागलं नसतं.

तीन वाजले. फोनवरचं चक्र फिरत राहिलं. सलूनमध्ये सगळे गप्प झाले. पाक ओमानसुद्धा गप्प, म्हणजे बघा. मग पाटी उघडली.

निळी.

हातातून फोन बापानं कधी ओढला ते तिला कळलंही नाही. वाचायला त्याला चष्मा लागतो, पण रंग तर दिसला. फोन हाजींच्या मांडीवर टाकून तो कात्रीसकट रस्त्यावर धावला. “निळं आलं हो! माझी पोरगी विमान बनवणार!” समोरचा भाजीवाला, फोनच्या दुकानातली बाई, झाडाखाली डुलक्या काढणारे मोटारसायकलवाले, सगळ्यांना त्यानं जागं केलं. “आज रोजा सोडायला आख्ख्या गल्लीला कोलाक माझ्याकडून! केळी टाकून, नारळाचं दूध घट्ट!”

हाजींच्या मांडीवर फोन वाजला. त्यांनी तो तिच्याकडे दिला. विगुना होता.

“लाल,” तो म्हणाला. त्याचा आवाज पार बसला होता. “आता परीक्षा. पुन्हा सगळं पहिल्यापासून.”

म्हणजे ती बाजूला सरकली त्याचा याला काडीचा उपयोग झाला नव्हता. “बसायला तरी मिळणार ना तुला,” ती म्हणाली.

“म्हणजे?”

“काही नाही रे. तू रडू नकोस.”

रडणाऱ्या मित्राचा तिला हेवा वाटला, आणि हेवा वाटला म्हणून स्वतःचीच किळस आली. फोन बंद केला तर पुन्हा तीच निळी पाटी समोर. हाजी उंदांग चष्मा चढवून तिच्या खांद्यावरून वाचत होते.

“ओमान, अरे ए ओमान! इथं विमान कुठं दिसत नाही. शेती... शेतीची यंत्रं असं काहीतरी लिहिलंय.”

पाक ओमान दारात उभा राहिला. त्याच्या मागं भाजीवाला होता, फोनवाली बाई होती. “चुकून आलं असेल,” तो म्हणाला.

“चुकून नाही, बापा. मीच भरलं होतं.”

त्याचा चेहरा पडला, तो क्षणभरच. पुढच्या क्षणी तो सगळ्या माणसांकडे वळून मोठ्यांदा हसला. “मग काय झालं! शेतीची यंत्रं! पोटाला आधी भात लागतो का विमान? विमान कोण खातं?” माणसंही हसली. भाजीवाल्यानं मान डोलावली. दोन महिने उडवलेलं विमान बापानं एका दमात खाली उतरवलं, का तर पोरीची मान चारचौघांत खाली जाऊ नये. हे तिला कळलं आणि तिचा बांध फुटला.

“असं नका ना बोलू, बापा! मला विमानाचंच हवं होतं. दुसरं काही नको होतं मला!”

“मग हे कशाला भरलंस?”

“बूंनी सांगितलं. मी हो म्हटलं.”

पाक ओमानच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. त्यानं कमरेचं फडकं सोडून खुंटीवर फेकलं आणि मोटारसायकलची किल्ली उचलली.

“चल शाळेत. त्या बाईला विचारतो, माझ्या पोरीचं विमान कुठं ठेवलंस म्हणून.”

“आणि माझं अर्धं डोकं?” हाजी ओरडले.

“टोपी घाला!”

रस्ताभर तो मोटारसायकलवर तोंडानं तालीम करत होता. असं म्हणतो, तसं म्हणतो, आमच्या पोरीच्या भोळेपणाचा फायदा घेता काय म्हणतो, मला गरीब न्हावी समजू नका म्हणतो. मागं बसलेल्या रेंगानिसला पक्कं ठाऊक होतं की आता कुणाच्या बापालाही तो निकाल फिरवता येणार नाही. तरी तिला बरं वाटत होतं. आपल्या वतीनं कुणीतरी एकदा मोठ्यानं ओरडावं, एवढीच तिची भूक होती. तिनं बापाचा शर्ट घट्ट धरला.

बू एन्तिन खोलीच्या दारातच भेटल्या. दिवसभराच्या उपासानं आणि पोरांच्या रडण्यानं त्यांचे डोळे सुजले होते. पाक ओमानला बघून मात्र त्यांचा चेहरा उजळला.

“या, या, पाक ओमान! तुमच्या पोरीनं लाज राखली हो. किती लाल आली आज! विगुनाचंही लाल. एकेकाच्या आईचे फोन, सगळ्या मलाच विचारतायत, आता काय करायचं. ही एक बातमी आली आणि माझ्या जिवात जीव आला.”

पाक ओमाननं तोंड उघडलं. रेंगानिसनं श्वास रोखला. आणि तो माणूस, आख्ख्या गल्लीची हजामत जिभेनं करणारा तो माणूस, कमरेत वाकला, दोन्ही हात जोडून म्हणाला, “तुमचे फार उपकार, बू. पोरीकडे लक्ष दिलंत.”

तिला राग यायला हवा होता. आला नाही. आपलं हे ‘हो’ आलं कुठून, ते तिच्यासमोर वाकून उभं होतं, बाह्यांना हाजींचे पांढरे केस चिकटलेले. तिला त्याची माया आली आणि स्वतःची भीती वाटली.

“उद्या फाटकावर फलक लावतोय,” बू एन्तिन डोळे पुसत म्हणाल्या. “निवडलेल्या सगळ्यांचे फोटो. तुझा एक छान हसरा फोटो पाठव. खूश आहेस ना, नेंग?”

बापानं वाकल्या वाकल्या मान वळवून तिच्याकडे पाहिलं. मला नाही जमलं गं, असं ती नजर म्हणत होती.

“नाही, बू,” रेंगानिस म्हणाली.

“काय?”

“मी खूश नाही. मला विमानाचं हवं होतं. तुम्हाला नाही कसं म्हणायचं म्हणून मी हो म्हटलं. चूक माझीच आहे. मी जाईन तिथं. नाही गेले तर मागच्या पोरांचं दार बंद होईल, ते मला कळतं. पण फलकावर हसरा फोटो लावू नका माझा.”

बू एन्तिन खुर्चीत बसल्या. पाक ओमान सरळ उभा राहिला आणि त्यानं लेकीच्या पाठीवर हात ठेवला.

“हे तू तेव्हा का नाही म्हणालीस गं?” बू एन्तिन म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, नुसती कळ होती. “मी विचारूनच बघत होते. तुझ्याआधी विगुनाला विचारलं होतं मी, ‘तू दुसरं काही भरशील का?’ म्हणून. तो नाही म्हणाला. मग मी त्याला पुन्हा विचारलंसुद्धा नाही.”